परसातील झाडाचे दुखणे : समज आणि वस्तुस्थिती

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील घरांतून परसातले कागदी लिंबाचे झाड हे कुटुंबाच्या मिळकतीपैकीच एक मानले जाते, आणि म्हणूनच ते वाळू लागले म्हणजे घरात जी कारणमीमांसा सुरू होते तीत प्रत्यक्ष झाडाची तपासणी वगळून इतर सर्व गोष्टींना स्थान मिळते. यांतील सर्वांत अन्यायकारक समज असा, की विटाळशी स्त्रीचा हात लागल्यामुळे किंवा तिची सावली पडल्यामुळे लिंबू करपले. या समजुतीस वनस्पतिशास्त्रात तिळमात्र आधार नाही. आणि घरातल्या सुनेवर हा आरोप ठेवण्यापूर्वी बुंध्याभोवतीची माती वीतभर उकरून पाहिली, तर पुष्कळदा खरा अपराधी तेथेच हाती लागतो.

तो अपराधी म्हणजे डिंक्या रोग. जमिनीलगतची साल काळपट व ओलसर झालेली असते, अंगठ्याने दाबली असता ती मऊ लागते, तिच्या उभ्या चिरांतून तांबूस डिंक पाझरून सुकलेला दिसतो, आणि चाकूच्या टोकाने ती किंचित खरवडली म्हणजे निरोगी हिरवट-पांढऱ्या गाभ्याऐवजी तपकिरी, सडका थर उघडा पडतो. झाडाच्या अंगातली उष्णता डिंकावाटे बाहेर पडते व त्याने झाड सुधारते, असे समाधान करून घेणारे लोक आहेत. वास्तविक फायटोप्थोरा नावाचा बुरशीसदृश जीव साल कुजवीत असतो आणि डिंक हा त्या जखमेचा पुरावा असतो. त्याला आमंत्रण आपणच देतो. बुंध्याला भिडलेले अळे करून त्यात रोज घागरभर पाणी ओतले, की भारी काळ्या जमिनीत ते मुरत नाही, बुंध्याशीच साचून राहते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे तर बहुतांशी फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. म्हणून बुंध्याशी मातीची उंच भर देऊन तिच्याबाहेर दुसरे कडे करावे आणि पाणी त्या बाहेरच्या अळ्यातच द्यावे.

सडलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडून तीवर बोर्डो मलम लावावा. फ्रान्समधील बोर्डो प्रांताच्या द्राक्षमळ्यांत १८८५ च्या सुमारास मिलार्दे या शास्त्रज्ञाने प्रसिद्धीस आणलेल्या मिश्रणाचेच हे दाट रूप होय. घरगुती कामासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना निरनिराळ्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावेत. त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. गेरू-चुन्याच्या पट्ट्याने खोडाचे उन्हापासून काही संरक्षण होते हे खरे, परंतु सडलेल्या सालीवर तो फासणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय.

पाने पिवळी पडली की पाणी वाढवावयाचे, ही दुसरी रूढ चूक. येथे कोणते पान पिवळे आहे हे पाहिल्यावाचून निवाडा करता येत नाही. खालची जुनी पाने सरसकट फिकी पडली तर नत्राची उणीव संभवते. शेंड्याकडील कोवळ्या पानांवर शिरांचे जाळे हिरवे राहून मधला भाग पिवळा पडला, तर ती लोहाची उणीव असते. काही लोक अशा वेळी खोडात खिळे ठोकतात. त्याने लोह पानांपर्यंत पोचत नाही, उलट रोगजंतूंस वाट मिळते. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाचा तोटा नसतोच, चुन्यामुळे ते मुळांस अप्राप्य होते, आणि अतिपाणी त्यात भर घालते. पाणी आवरावे व दर लिटरला ५ ग्रॅम हिराकस विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे.

कडुनिंबाबाबत चिंता चुकीच्या ऋतूत केली जाते. माघ-फाल्गुनातील पानगळ स्वाभाविक आहे. पाडव्याला लागणारी तांबूस पालवी तिच्यामागूनच येते. परंतु पावसाळ्याच्या अखेरीस शेंडे तपकिरी होऊन डहाळ्या टोकाकडून खाली वाळत आल्या, तर ती शेंडेमर होय. तिच्यात फोमॉप्सिस बुरशीचा व रस शोषणाऱ्या कीटकांचाही वाटा असतो. अशी मोठी झाडे बहुधा पुढल्या वसंतात पुन्हा पालवतात. ती मेली असे ठरवून कुऱ्हाड चालविण्याची घाई मला अक्षम्य वाटते. आंब्याच्या सालीवरचे करडे-हिरवे पापुद्रे तर रोग नव्हेतच. खानदेशी काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचे ते भाऊबंद, आणि ते झाडाचे अन्न खात नाहीत. सालीतल्या भोकातून भुसा गळत असेल, तर मात्र आत खोडकिडा आहे.

एवढे पाहूनही निर्णय होत नसेल, तर जळगावकरांना ममुराबादचे कृषी विज्ञान केंद्र आणि धुळेकरांना तेथील कृषी महाविद्यालय जवळ आहे. तेथे जाताना पूर्ण वाळलेली काडी नेऊ नये. हिरवा व वाळता भाग जेथे मिळतो तेथील डहाळी, मातीसकट थोडी बारीक मुळे आणि जुनी-नवी दोन्ही पाने कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्यावीत, आणि पाणी किती व कोठे घालतो हेही सांगावे.