मोठा कॅम आणि जुनी स्प्रिंग

बाबांनी २००० साली घेतलेली हीरो होंडा सीबीझी आमच्या टिळकवाडीतल्या घराच्या पडवीत कित्येक वर्षं नुसती उभी होती. मी नोकरीला पुण्यात, बाबांना स्कूटर सोयीची. मातीच्या ट्रॅकवर पळवायला मी ती मागितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इंजिन फोडू नकोस. त्यावरचा नंबर माझ्या आरसीवर आहे."

सहा महिन्यांत मी ते जवळजवळ फोडलंच. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बाइक घेऊन मातीत उतरणारी आपली मुलं पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो.

ज्यांनी इंजिन उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हेडमध्ये एक दांडा फिरतो, तो कॅमशाफ्ट. त्यावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे म्हणजे लोब. लोब रॉकरमार्फत व्हॉल्व्ह उघडतो. बंद मात्र स्प्रिंग करते, कॅम नाही. हे वाक्य मी कॉलेजात परीक्षेत लिहिलं होतं. कळलं फार उशिरा.

सीबीझीचं इंजिन १५६.८ सीसीचं, कंपनीने कमाल ताकद ८००० आरपीएमला दिलेली. मला १०,००० हवे होते. म्हणून डब्यावर २९० अंश लिहिलेला कॅम घेतला. व्हॉल्व्ह जितके अंश उघडा, तितकी वरच्या आरपीएमला हवा जास्त, एवढंच डोक्यात. पण हा आकडा फसवा असतो. कुणी व्हॉल्व्ह जरा हलला की मोजायला लागतो, कुणी १ मिलिमीटर उघडल्यावर. तोच कॅम दुसऱ्या पद्धतीने मोजला तर २५० अंशही भरेल. दोन डबे शेजारी ठेवून आकडे ताडून पाहण्यात अर्थ नाही.

ट्रॅकवर पहिल्याच वळणाला गाडी मेल्यासारखी झाली. इतका वेळ उघडा राहणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण पिस्टन परत ढकलून देतो. शिवाय दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ वाढतो आणि जळका धूर इनटेकमध्ये घुसतो. ४०२ मीटर सरळ जाणाऱ्या ड्रॅगवाल्याला हे चालतं, त्याचं इंजिन सतत वरच असतं. मातीत प्रत्येक वळणातून ५-६ हजारांवरून बाहेर पडावं लागतं.

सरळ पट्ट्यावर मी हट्टाने ओढली. ९००० च्या पुढे आवाज बदलला, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. मला वाटलं कार्ब्युरेटर. दुसऱ्या फेरीत कॉम्प्रेशनच गेलं.

उद्यमबागेत मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी हेड उघडलं. पिस्टनवर अर्धचंद्र उमटलेला, इनटेक व्हॉल्व्ह वाकलेला. मामा म्हणाले, "कॅम नवा घेतलास, आणि स्प्रिंगा बाबांच्याच?"

मग त्यांनी ड्रिल मशीनखाली वजनकाटा ठेवला, त्यावर जुनी स्प्रिंग उभी केली आणि हँडल दाबत व्हर्नियरने उंची मोजली. पूर्ण उघडलेल्या स्थितीत ती ३६ किलो देत होती. मी रात्री लॅपटॉपवर हिशेब मांडला. माझ्या कॅमला ८००० वर लोबच्या टोकाशी साधारण ३० किलो पुरत होते. आरपीएम सव्वापट झाले की लागणारा जोर वर्गाने, म्हणजे दीडपटीहून जास्त वाढतो. १०,००० ला ४७ किलो. ८७०० च्या आसपासच स्प्रिंग हात टेकत होती. तिथून पुढे रॉकर लोब सोडून उडत होता, व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळत होता आणि एकदा पिस्टनच्या वाटेत सापडला. दहा हजारांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ८३ वेळा उघडतो. एकदा चुकलं तरी पुरे. हा तक्ता मी कॅम घेण्याआधीही मांडू शकलो असतो. पगार मला असल्याच कामाचा मिळतो.

आता सगळ्यांत जाड स्प्रिंगा घेऊ म्हटलं, तर मामांनी अडवलं. जास्तीचा जोर लोब आणि रॉकरचा पृष्ठभाग खातो, आणि इंजिनची ताकदही.

दुसऱ्यांदा उलट्या बाजूने निघालो. आधी कमाल आरपीएम ठरवले, ९५००. मग सौम्य कॅम. त्याला तिथे ४२ किलो लागत होते, स्प्रिंग ५० ची घेतली. खाली शिम घालून उंची जुळवली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, किमान १ मिलिमीटर जागा उरते ना, ते पाहिलं. पिस्टनवर भाचीची खेळायची रंगीत माती थापली, हेड बसवलं, टॅपेट सेट करून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, पुन्हा उघडलं आणि माती ब्लेडने कापून जाडी मोजली. इनटेकपाशी १.८, एक्झॉस्टपाशी २.३ मिलिमीटर. मामांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं, मग मान डोलावली.

गाडी आता वळणातून नीट उठते. सरळ पट्ट्यावर दोन पोरं अजून मला मागे टाकतात. दर शर्यतीनंतर टॅपेट तपासतो. मूळचा कॅम तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलाय. बाबांनी मागितला की परत बसवायचा.