शिनोली ते भीमाशंकर, श्रावणी सोमवार

पहाटे साडेतीन. शिनोलीत जीप भरली. पुण्याची चार पोरं, बाकी गावातल्या म्हाताऱ्या. म्हाताऱ्यांकडून मी निम्मंच भाडं घेतो, त्यावरून भावकीत बोलणी खातो.

चार. डिंभे धरण मागे पडलं. जुनं आंबेगाव ह्याच पाण्याखाली आहे. तालुक्याला नाव त्याचं, कचेरी मात्र घोडेगावला. पोखरी घाटात धुकं इतकं, की काच खाली करून रस्त्याची कड बघत चालवावं लागलं. म्हाताऱ्यांचं 'हर हर महादेव' एकदम वाढलं.

साडेपाच. पोचलो. गाडी खालीच अडवतात, पुढे एसटीच्या मिनीबस.

सहा ते अकरा. ड्रायव्हरचा धंदा म्हणजे थांबणं. चहा, कणीस, परत चहा.

अकरा. पोरं चिंब भिजून परतली. गाभाऱ्यात "चला, चला" एवढंच ऐकलं म्हणाली. घंटा पाहिली का विचारलं, तर कुठली घंटा? 1739 साली वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगिजांची घंटा देवळापुढेच टांगलीय. रांगेत मान वर करायला फुरसत कुणाला!

त्यातला एक टोकियोत नोकरीला होता. "दादा, तिथं मेइजी जिंगू म्हणून देऊळ आहे, भर शहरात. आधी झाडीतून चालायचं, हात-तोंड धुवायचं, मग देव. देऊळ 1920 चं. लाखभर झाडं लोकांनी देशभरातून पाठवली, तेव्हा ते रान झालं."

मी म्हणालो, "आमच्यात देवराई असते. आहुप्याकडं जाऊन बघा. वाळली काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, असं आजी सांगायची." त्यांनी झाडं लावून रान केलं, आमच्याकडे देवाच्या धाकानं राहिलं. 1985 ला अभयारण्य झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून. तेवढ्यात वरून शेकरू ओरडलं. पोरांना ते माकड वाटलं.

दोन. म्हाताऱ्या अजून वरच. बेलाच्या पानांसोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओढ्याकडं वाहत होत्या. हाताला लागल्या तेवढ्या गोळा केल्या.

साडेचार. परतीचा घाट. मागच्या सीटवर सगळे झोपलेले.

सहा. शिनोली. डिझेल वजा जाता हातात फार नाही, पण चिखल धुवायला तास जातो.

तुम्ही येणार असाल तर सोमवार सोडून या, बेल कापडी पिशवीत आणा. बुधवारी घंटेखाली निवांत उभं राहता येतं.