राष्ट्राचे ऋण आणि परका धनको

ऋण काढून सण करू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु राष्ट्राच्या बाबतीत ऋण किती एवढेच पाहून भागत नाही. धनको कोण आणि ऋण कोणत्या चलनात, हेही पाहावे लागते.

सरकारी रोखे देशातील बँका, विमा संस्था व भविष्यनिर्वाह निधी यांनी घेतले, तर करदात्याने भरलेले व्याज पुन्हा देशातीलच ठेवीदाराच्या पदरी पडते. धनको परदेशी असला म्हणजे ते देशाबाहेर जाते. त्यातून कर्ज परक्या चलनात असेल, तर आपल्या चलनाचा भाव उतरताच, नवा पैसाही न घेता, बोजा वाढतो. कर्ज आपल्या चलनात असले तर हा तोटा धनको सोसतो. परंतु धीर सुटून त्याने रोखे एकदम विकावयास काढले, तर व्याजाचा दर चढतो आणि चलन घसरते.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे इजिप्त. १८६३ मध्ये खदीव इस्माइल गादीवर आला, तेव्हा तेथील कर्ज सुमारे ३० लाख पौंड होते. १८७६ पर्यंत ते ९ कोटींच्या घरात गेले. त्यातून रेल्वे, कालवे व शाळा झाल्या हे खरे. पण राजवाडे आणि सुवेझच्या उद्घाटनाचा थाटही त्याच पैशाने झाला. १८७५ मध्ये त्याने सुवेझ कंपनीचे आपले भाग ब्रिटनला सुमारे ४० लाख पौंडांस विकले. तरीही पुढील वर्षी फेड थांबली. लगेच युरोपीय धनकोंच्या हितासाठी ऋण-आयोग बसला. जमेवर एक इंग्रज आणि खर्चावर एक फ्रेंच अधिकारी देखरेख करू लागला. १८७८ मध्ये तर अर्थमंत्रीही इंग्रज आला. इस्माइलने विरोध करताच १८७९ मध्ये त्याची गादी गेली. पुढे अराबी पाशाचे आंदोलन मोडण्यासाठी १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या. त्यांचा तळ पूर्णपणे हलावयास १९५६ साल उजाडले.

आपणही १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटताच सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवले होते. आज भारत सरकारचे बहुतांश ऋण देशांतर्गत व रुपयात आहे, ही मोठी ढाल होय. जून २०२४ पासून आपले रोखे एका प्रमुख आंतरराष्ट्रीय निर्देशांकात आले आहेत. त्या वाटेने येणारे भांडवल त्याच वाटेने परतही जाऊ शकते, याचे भान हवे.

परके कर्ज सर्वस्वी वाईट, असे नव्हे. ज्या कामासाठी ते घेतले, ते काम फेडीपुरते परकीय चलन मिळवून देईल काय, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावा. इजिप्तमध्ये तो धनकोंनी विचारला, आणि तेव्हा फार उशीर झाला होता.