बोनसमधून पैसे का कापले? आणि ते परत मिळतात का?

दिवाळीच्या तोंडावर खात्यात बोनस जमा झाल्याचा संदेश येतो आणि सांगितलेल्या रकमेपेक्षा आकडा कमी असतो. वर्षभर वाट पाहिलेले पैसे असतात, त्यामुळे राग येणे साहजिक आहे. कोणी म्हणते "बोनसवर जास्त टॅक्स लागतो", तर कोणी म्हणते "सरकारने कापले". दोन्ही गोष्टी नेहमीच खऱ्या नसतात. आधी पगारपत्रक मागून घ्या आणि कपातीच्या रकान्यात नेमके काय लिहिले आहे ते पाहा. पुढचा सगळा उलगडा त्या एका शब्दावर अवलंबून आहे. (खाली दिलेले कराचे दर आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत.)

बोनसवर वेगळा कर असतो का?

नाही. आयकर कायद्याच्या दृष्टीने बोनस हा पगाराचाच भाग आहे. मालक तुमचा वर्षभराचा पगार आणि बोनस एकत्र धरतो, त्यावर किती कर होईल याचा अंदाज काढतो आणि तेवढी रक्कम टीडीएस म्हणून कापतो. बोनसमुळे वाढलेला कर अनेक ठिकाणी त्याच महिन्यात एकदम कापला जातो, म्हणून तो अंगावर आल्यासारखा वाटतो. कपात जास्त झाली असेल, तर त्याच आर्थिक वर्षातील उरलेल्या महिन्यांत मालक ती जुळवून देऊ शकतो. त्यासाठी मार्च संपण्याआधी लेखा विभागात लेखी विचारणा करा.

नवीन कर प्रणालीत 4 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. पगारदारांना 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे नवीन प्रणालीतील नोकरदाराचे पगार व बोनस मिळून उत्पन्न 12.75 लाखांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे आयकर लागत नाही.

आता कारखान्यातील एका कामगाराचा हिशेब पाहू. पगार महिना 18,000, म्हणजे वर्षाला 2,16,000. कायद्यानुसार किमान बोनस 8.33 टक्के असतो आणि कमाल 20 टक्के. वेतन संहितेतही हीच टक्केवारी कायम आहे. 1965 च्या बोनस प्रदान अधिनियमात ही टक्केवारी पूर्ण पगारावर लागत नव्हती. ती 7,000 रुपये किंवा लागू किमान वेतन, यांपैकी जास्त असलेल्या रकमेवर मोजली जात असे. 7,000 वर मोजल्यास वर्षाचा किमान बोनस सुमारे 6,997 रुपये होतो. सगळे मिळून उत्पन्न सव्वादोन लाखांच्या आत राहते. या कामगाराच्या बोनसमधून आयकर कापण्याचे कारणच उरत नाही. तरीही 1,000 रुपये कमी आले असतील, तर पुढीलपैकी काहीतरी घडले आहे.

मग पैसे गेले कुठे?

बऱ्याचदा उचल घेतलेली असते, ती वळती करून घेतात. पूजेच्या किंवा सणाच्या वेळी आगाऊ दिलेला बोनस असेल, तर तो अंतिम बोनसमधून वजा करण्याची मुभा 1965 च्या अधिनियमात होती. कामगाराच्या गैरवर्तनामुळे मालकाचे आर्थिक नुकसान झाले असल्यास तेही त्या वर्षीच्या बोनसमधून वसूल करण्याची तरतूद होती. "शिस्तीचा दंड" किंवा "ऑफिस खर्च" अशा मोघम नावाखाली पैसे कापले असतील, तर कोणत्या नियमाने कापले ते लेखी मागा. भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीसाठीही बोनस धरला जात नाही. उत्तर मिळाले नाही, तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात पगारपत्रकासह अर्ज करा.

दुसरे कारण पॅन. मालकाकडे पॅन दिलेला नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर चढ्या दराने कपात होऊ शकते. निष्क्रिय पॅनवर परतावाही मिळत नाही, म्हणून हे काम आधी करा.

तिसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही स्वतःला कर्मचारी समजता, पण कागदावर तुमची नोंद कंत्राटदार म्हणून असते. अशा वेळी ठरावीक मर्यादेपुढील रकमेवर 1 टक्का, आणि व्यावसायिक सेवा म्हणून दाखवले असेल तर 10 टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसले, तरीही. हे पैसे बुडालेले नाहीत, पण ते आपोआप परत येत नाहीत.

परतावा मिळवण्यासाठी

आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर फॉर्म 26एएस उघडा. कापलेली रक्कम तिथे तुमच्या पॅनवर दिसत असेल, तर विवरणपत्र भरून ती परत मागता येते. मुदत साधारणपणे 31 जुलै असते. उशीर झाल्यास 31 डिसेंबरपर्यंत भरता येते. बँक खाते पोर्टलवर आधी पडताळून घ्या, नाहीतर परतावा मंजूर होऊनही अडकतो. रक्कम 26एएस मध्ये दिसतच नसेल, तर मालकाने कापून भरलेली नाही असा संशय घ्यायला जागा आहे. पगारपत्रक जपून ठेवा: पगारातून कापला गेलेला कर विभाग तुमच्याकडून पुन्हा मागू शकत नाही.

विवरणपत्र भरले तर योजना बंद होईल का?

ही भीती घरोघरी आहे. पीएम-किसानमधून मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्या व्यक्ती वगळल्या जातात. अटल पेन्शन योजनेत 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकरदात्यांना नव्याने सहभागी होता येत नाही, आणि तिथे आयकरदाता म्हणजे कायद्यानुसार कर भरण्यास पात्र असलेली व्यक्ती. विवरणपत्र दाखल करणे आणि कर देय असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट टीडीएस कापला गेला आणि तुम्ही विवरणपत्र भरलेच नाही, तर तुमच्या नावावर फक्त कापलेला कर दिसत राहतो. विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर विभागाकडून येणारी सूचना, ज्यात देय कर शून्य दाखवलेला असतो, ती छापून योजनेच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पडताळणीत प्रश्न आला, तर तोच कागद दाखवता येईल.