जवसाचा तांबेरा आणि हॅरोल्ड फ्लॉर

तांबेरा शेतकऱ्याच्या चांगल्याच परिचयाचा असतो. पानांवर व खोडावर नारिंगी पुटकुळ्या उठतात, त्यांतून गंजासारखी पूड उडते आणि दाणा भरण्यापूर्वींच पीक वाळूं लागतें. ही पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणु होत. या रोगास दाद न देणारे वाण तज्ज्ञ तयार करितात. परंतु कांहीं हंगामांनंतर तोच वाण तांबेऱ्यास बळी पडतो. मग बियाणें बिघडलें, असा समज होतो. वास्तविक बियाणें होतें तसेंच असतें. तर मग बदलतें तें काय? या प्रश्नाचें नेमकें उत्तर हॅरोल्ड हेन्री फ्लॉर या अमेरिकन शास्त्रज्ञानें शोधून काढलें.

फ्लॉर यांचा जन्म १९०० सालीं मिनेसोटा संस्थानांतील सेंट पॉल येथें झाला. १९३१ पासून ते सरकारी शेतकी खात्यातर्फे उत्तर डाकोटांतील फार्गो येथें जवसाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करूं लागले. गहूं-मक्यापुढें जवस हें गौण पीक. पण संशोधनास तें फार सोयीचें ठरलें. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यास आपला जीवनक्रम पुरा करण्यासाठीं बार्बेरी नांवाचें दुसरें झुडूप लागतें; जवसाचा तांबेरा मात्र आपलें सर्व आयुष्य जवसावरच काढतो. शिवाय, तांबेऱ्याच्या एका विशिष्ट अवस्थेंत पानावर येणारा गोड रस एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर नेला, तर बुरशीचा संकर होतो, हें कॅनडांतील क्रेगी यांनीं १९२७ मध्यें दाखविलें होतें. निसर्गांत माशा करितात तें काम फ्लॉर यांनीं आपल्या हातानें केलें.

त्यांचें वैशिष्ट्य हेंच, कीं त्यांनीं केवळ रोप न तपासतां रोप आणि रोग या दोहोंचाही संकर करून पाहिला. ‘ओटावा ७७०-बी’ व ‘बॉम्बे’ हे जवसाचे दोन वाण त्यांनीं घेतले. दुसऱ्याचें नांव आपल्या मुंबईचेंच. तांबेऱ्याचा २२ क्रमांकाचा प्रकार ओटावावर वाढे, पण बॉम्बेवर वाढत नसे. २४ क्रमांकाच्या प्रकाराचें नेमकें उलट. या वाणांच्या संकराच्या दुसऱ्या पिढींत १९४ रोपें मिळालीं. त्यांपैकीं ११० दोन्ही प्रकारांना दाद देईनात, ३२ व ४३ रोपें एकेकाच प्रकारापासून सुरक्षित राहिलीं आणि ९ दोहोंनाही बळी पडलीं. दोन जनुकें स्वतंत्रपणें वारशानें उतरलीं, म्हणजे मेंडेलच्या नियमाप्रमाणें ९, ३, ३, १ असें प्रमाण पडतें. तेंच हें प्रमाण.

आतां बुरशीकडे पाहूं गेल्यास, तिच्या दुसऱ्या पिढींतील १३३ नमुन्यांपैकीं ७८ दोन्ही वाणांवर निष्प्रभ ठरले, २७ व २३ एकेका वाणावर वाढले, आणि केवळ ५ दोहोंवरही वाढले. पुन्हां तेंच प्रमाण! रोपाच्या प्रत्येक प्रतिकार-जनुकास जोड असलेलें एक जनुक बुरशींत असतें, हा सिद्धांत यांतून निघाला.

प्रतिकार-जनुक हा जणुं दारावरचा पहारेकरी आहे. त्याला चोराची एकच खूण ठाऊक असते. ती दिसली कीं तो घराला जागें करितो. पण बुरशीच्या जनुकांत फरक पडून ती खूण पुसली गेली, तर तोच चोर त्याच्या डोळ्यांदेखत आंत शिरतो. मैलोगणती एकच वाण पेरला असतां खूण हरवलेल्या एखाद्या बीजाणूला सारें रान मोकळें मिळतें. बियाणें बिघडत नाहीं. शत्रूनें वेष पालटलेला असतो.

फ्लॉर १९९१ मध्यें निवर्तले. पुढें १९९५ मध्यें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं जवसाचें एक प्रतिकार-जनुक वेगळें करून दाखविलें, आणि २००४ मध्यें त्याच्या जोडीचें बुरशींतील जनुकही हातीं लागलें. संकराच्या आंकड्यांवरून काढलेलें अनुमान असें प्रत्यक्ष पदार्थांच्या रूपानें सिद्ध झालें.

या ज्ञानाचा व्यवहारांतील अर्थ सरळ आहे. एका पहारेकऱ्यावर विसंबून न राहतां एकाच वाणांत अनेक प्रतिकार-जनुकें एकत्र आणावीं, कारण सगळ्या खुणा एकदम पुसल्या जाणें फार दुर्मिळ. आणि सर्व शिवारांत एकच वाण पेरूं नये. रोगावर कायमचा विजय मिळविणारें बियाणें नसतें. म्हणूनच नव्या वाणाइतकेंच, रोगाच्या बदलत्या रूपांवर वर्षानुवर्षें ठेवलेलें लक्षही पिकाचें रक्षण करितें.