बाटलीतले दहा टक्के

२०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मुंजी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी येकिमोव्ह यांना 'क्वांटम डॉट्स'साठी मिळाले, तेव्हा चर्चा झाली ती रंगांची. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे २ नॅनोमीटरचा स्फटिक निळसर-हिरवा झळकतो, ६ नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच, आकारमान वेगळे. मला मात्र या स्फटिकांच्या पोटापेक्षा त्यांच्या कातडीची कथा अधिक रंजक वाटते.

चार नॅनोमीटरच्या स्फटिकातले जवळपास एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर असतात. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी. बाहेरच्याचे एखाद-दोन बंध मोकळेच. अशा मोकळ्या बंधांत इलेक्ट्रॉन अडकला की प्रकाश विझतो. शिवाय उघडे स्फटिक एकमेकांना चिकटून तळाशी गाळ होऊन बसतात. म्हणून प्रत्येकाला रेणूंचा अंगरखा लागतो: डोके पृष्ठभागाला धरलेले, तेलकट शेपटी बाहेर द्रावकात. या रेणूंना लिगंड म्हणतात.

१९९३ मध्ये एमआयटीत मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी कृती दिली. ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत 'टोपो', सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि त्यात कॅडमियम व सेलेनियमची द्रावणे एकदम टोचायची. स्फटिकांची बीजे एकाच क्षणी पडतात, तापमान उतरते, मग सगळी सारखी वाढतात. भांडे टोपोने भरलेले. तेव्हा अंगरखाही टोपोचाच, असे सर्वांनी धरले. धरणे साहजिकच होते.

पण खोड अशी, की स्वस्त, ९० टक्के शुद्ध टोपोत कृती साधे आणि महागड्या शुद्ध टोपोत बिघडे. २००० साली बर्कलीच्या अलिविसातोस गटाने दाखवले की शुद्ध टोपोत वाढ आवरता येत नाही. त्यात फॉस्फोनिक आम्ल मुद्दाम घातले तर ती ताब्यात येते, एवढेच नव्हे तर लांबट कांड्याही बनवता येतात. स्वस्त बाटलीतल्या अशुद्धींत फॉस्फरसची अशीच आम्ले होती. २००८ मध्ये जोनाथन ओवेन आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने अंगरखाच तपासला: तो फॉस्फोनेटांचा निघाला, टोपोचा जवळजवळ मागमूस नाही.

कारण साधे आहे. पृष्ठभागावर कॅडमियमचे आयन जास्तीचे असतात, त्यांचा धनभार फिटायला हवा. टोपो विद्युतदृष्ट्या उदासीन; इलेक्ट्रॉनांची जोडी उसनी देतो आणि सहज निघून जातो. फॉस्फोनेट ऋणभार घेऊन येतो, म्हणून टिकतो.

पुढे २०१३ मध्ये ओवेन यांच्याच गटाला आढळले की अमाइनसारखे रेणू घातले तर कार्बोक्झिलेट लिगंड एकटे सुटत नाहीत, पृष्ठभागावरचे कॅडमियमही सोबत नेतात, आणि चमक मंदावते. अंगरखा ओढला की कातडीही निघते! एरवी अल्कोहोलने धुण्यातही काही लिगंड जातातच. दोन प्रयोगशाळांच्या कुप्यांवर एकच नाव आणि एकच आकारमान लिहिलेले असते. एकीने नमुना दोनदा धुतलेला, दुसरीने पाचदा.