आयर्विनला किती?

सांगलीच्या पेठेत आषाढ लागला की क्षेमकुशल विचारण्याची रीतच बदलते. एरवी ‘जय जिनेंद्र’ झाल्यावर प्रकृती, मुलांचे शिक्षण, बाजारभाव या क्रमाने बोलणे पुढे सरकते. पावसाचा जोर वाढला म्हणजे मात्र नमस्काराच्या पाठोपाठ एकच प्रश्न येतो : “आयर्विनला किती?”

१९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल हा सांगलीकरांचा रक्तदाब मोजण्याचे यंत्रच होय. पुलाच्या पट्टीवर ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. पंचवीस फुटांपर्यंत हा विषय चहाबरोबर चघळण्यापुरता असतो. पस्तिशी ओलांडली की आवाज किंचित उतरतात, आणि चाळीस ऐकल्यावर पेढीवरचा वडीलधारा माणूस चष्मा काढून पुसू लागतो. यानंतर ठरलेले उपप्रश्न येतात. वर पाऊस कसा? कोयनेचे दरवाजे किती फुटांवर? चांदोलीतून किती सोडले? अलमट्टीने फुगवटा दिला का? ज्या गृहिणीने कधी धरण पाहिलेले नाही, तीही कोयना १०५ टीएमसीची आणि अलमट्टी १२३ टीएमसीची हे तांदळाच्या भावाइतक्या सहजतेने सांगते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा अर्थ सर्वांना ठाऊक असतोच असे नाही, पण त्यावाचून कोणाचे अडत नाही.

अलमट्टीवरून दरवर्षी वाद होतो. त्याचा निकाल पेढीवर लागत नाही, आणि लागावा अशी वाद घालणाऱ्यांचीही अपेक्षा नसते. खरे तर या बोलण्याचे काम निराळेच आहे. कोयनेचे पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरजवळ येऊन मिळते. वरच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस सांगलीच्या उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत मध्ये काही तास हातात असतात. त्या तासांत पाटणचा आडत्या, कऱ्हाडचा व्याही, इस्लामपूरचा गिऱ्हाईक यांच्याशी झालेले ‘सहज’ बोलणे म्हणजेच व्यापाऱ्याची पूर्वसूचना. “काय म्हणता, पाऊस?” या तीन शब्दांत गोदामातील पोती हलवायची की नाहीत, हा प्रश्न दडलेला असतो.

घरातील पावसाच्या गप्पांना आणखी एक पदर असतो, तो चातुर्मासाचा. आभाळ दोन-दोन दिवस काळे राहिले की चौविहार पाळणाऱ्यांची पंचाईत होते. साडेपाचलाच दिवेलागण झाल्यासारखे वाटते. आजी ताट वाढायला सांगतात, सून कॅलेंडर पाहून म्हणते, “आई, अजून सव्वा तास आहे, हा ढग आहे, सूर्यास्त नव्हे.” आजींचा कॅलेंडरवर विश्वास आहे, पण डोळ्यांवर अधिक आहे. त्या जेवून मोकळ्या होतात. सकाळी नवकारशीची दोन घटिका कधी भरली, यावरही असाच संवाद रंगतो.

उकाळलेल्या पाण्याचे गणितही ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात अवघे तीन प्रहर ते चालते. म्हणजे ज्या दिवसांत वीज जाण्याचा, नळ बंद पडण्याचा आणि सिलिंडर वेळेवर न येण्याचा संभव सर्वांत जास्त, त्याच दिवसांत पाणी अधिक वेळा उकळावे लागते. पालेभाजी चातुर्मासात वर्ज्य, कंदमूळ बाराही महिने वर्ज्य. तेव्हा सततच्या पावसात मंडईत आवक थांबली की डाळ, कडधान्य, पापड, मेथीदाणे आणि गट्टे यांवर स्वयंपाकघर चालते. शेजारणीशेजारणींच्या गॅलरीतल्या बोलण्यात अशा वेळी एकमेकींच्या बरणीत काय शिल्लक आहे याची मोजदाद बरोबर होते. त्याला कोणी मोजदाद म्हणत नाही इतकेच.

आणि उपाश्रयाच्या पायरीवरचा पाऊस तर वेगळाच. पाऊस पडत असताना अप्काय जीवांची विराधना होते, म्हणून साधू-साध्वी गोचरीस बाहेर पडत नाहीत. बाहेरगावच्या पाहुण्यास “थांबेल का हो?” हा प्रश्न किरकोळ वाटेल. पायरीवर उभ्या असलेल्या श्रावकांसाठी तो एखाद्या वृद्ध साध्वीजींचा आज आहार होणार की उपवास घडणार, हा प्रश्न असतो. घरी जाऊन त्यांच्यासाठी म्हणून काही रांधावे, तर तोही दोषच. तेव्हा आकाशाकडे पाहणे आणि दबक्या आवाजात बोलणे एवढेच हाती राहते. आत जाऊन साता विचारावी, तर उत्तर शांतपणे येते, “देव-गुरु पसाय.”

२०१९ च्या श्रावणाच्या आरंभी या साऱ्या बोलण्याची परीक्षा झाली. जुलैच्या अखेरीपासून घाटमाथ्यावर पाऊस थांबेना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आयर्विनची पट्टी धोक्याच्या वर गेली, तरी पेठेत भय असे नव्हते. कारण प्रत्येकाच्या जिभेवर एक आकडा होता : २००५. त्या वर्षीच्या महापुरात पाणी सुमारे ५४ फुटांवर पोहोचले होते. कोणाच्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागले, कोणाच्या आत गुडघाभर आले, कोणाच्या उंबऱ्याशी येऊन परत फिरले, हे ज्याला त्याला पाठ होते. कित्येकांनी भिंतीवर ती रेघ रंगवून ठेवली होती, आणि आलेल्यागेलेल्यास ती दाखविण्यात एक प्रकारचा अभिमानही होता.

गणपती पेठेतील एका किराणा-भुसार पेढीवर त्या दिवसांत जे घडले, ते थोड्याफार फरकाने शेजारच्या अनेक पेढ्यांवर घडले. थोरले बंधू सकाळी आले, रेघ पाहिली, आणि रेघेच्या वर एक फूट धरून माल उचलायला सांगितले. लाकडी फळ्या टाकल्या, साखर व गूळ वर, त्यावर हळद, बेदाण्याच्या पेट्या सर्वांत वर. वह्या आणि संगणक माळ्यावर. एक फुटाचे अंतर सोडले, म्हणजे सावधगिरी झाली, असा हिशेब होता.

दुपारी जुना हमाल भिजत आला. त्याचे घर नदीकडच्या सखल वस्तीत. ते आदल्या रात्रीच पाण्याखाली गेले होते. तो म्हणाला, “शेठ, माल वरच्या मजल्यावर न्या. ह्या खेपेचं पाणी येगळं हाय. दोन हजार पाचला आमच्या दारात यायला जेवढा येळ लागला, त्याच्या निम्म्यात आलंय.”

“अरे, पाचला इथे कुठे आले होते?” थोरल्यांनी विचारले. “ही बघ रेघ.”

“रेघ पाण्याला कुठं वाचता येती, शेठ?”

सगळे हसले. धाकट्या बंधूंना त्याचे म्हणणे पटले होते. पण वरच्या मजल्यावर माल न्यायचा तर दहा-बारा माणसे हवीत, आणि त्या दिवशी प्रत्येक हमाल आपापले घर हलवीत होता. शिवाय थोरल्यांचा शब्द. हमालाला चहा आणि कोरडे कपडे दिले, त्याच्या मुलाबाळांची सोय धर्मशाळेत केली, आणि दुकानाला कुलूप लावून सर्व जण विश्रामबागेतील नातलगांकडे गेले.

९–१० ऑगस्टच्या सुमारास पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. २००५ च्या रेघेवर तीन फुटांहून अधिक. एक फुटाची सावधगिरी कोठल्या कोठे बुडाली.

त्या दिवसांत विश्रामबाग आणि मिरज येथील घरोघरी पंधरा-वीस माणसे एकत्र राहत होती. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, पेट्रोल नाही, दूध नाही. कोल्हापूरकडचा महामार्ग पाण्याखाली. अशा वेळी बोलण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता, आणि बोलण्याचा विषय मात्र कोणी काढीत नव्हते. “आयर्विनला किती?” हा प्रश्न या घरांत एकाएकी बंद झाला. बायका गव्हाच्या पोत्यांऐवजी मुलांच्या बुडालेल्या दप्तरांविषयी बोलत. पुरुष क्रिकेटविषयी बोलत. थोरले बंधू प्रतिक्रमणाला बसत आणि उठल्यावर गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे पाहत. ते काय पाहतात हे घरातील लहान मुलांनाही कळत होते.

साधू-साध्वींच्या बाबतीतही चर्चा झाली. चातुर्मासात विहार नाही, मग पुराचे पाणी उपाश्रयापर्यंत येऊ लागले तर काय? वृद्ध श्रावकांना उत्तर माहीत होते. ठाणांग सूत्रात वर्षावासात स्थान सोडण्याची जी कारणे मान्य केली आहेत, त्यांत मोठा जलप्रवाह येणे हेही एक आहे. शास्त्रकारांना नद्या चांगल्याच परिचित होत्या असे म्हणावे लागते. ठिकठिकाणी संघांच्या भोजनशाळा चालू झाल्या. बटाटा-कांद्यावाचून पुरी-भाजीची पाकिटे भरली जात; सूर्यास्तापूर्वी शेवटची खेप निघावी असा आग्रह भरणाऱ्यांचा असे. घेणाऱ्याला सूर्यास्ताचे सोयरसुतक नसे, तो केव्हाही जेवे. पाकिटे भरणाऱ्यांमध्ये तो हमालही होता.

पाणी उतरल्यावर शटर उघडले, तेव्हा गुळाचा मागमूस नव्हता. साखरेची रिकामी पोती चिकटून बसली होती. हळद फुगून फळ्यांसकट खाली आली होती, आणि सगळ्या चिखलाला पिवळी छटा होती. वास असा की तोंडाला उपरणे बांधूनही आत पाच मिनिटे थांबवेना. सांगलीच्या हळदीला आदल्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले होते. हरिपूरची जमिनीतली हळदीची पेवे २००५ च्या पुराने मोठ्या प्रमाणावर निकामी केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी माल गोदामांत आणला होता. आता अनेक गोदामांचीही तीच गत झाली.

यापुढचे बोलणे विम्याचे होते, आणि इथे पेठेत बरीच थंड शांतता पसरली. त्या काळी प्रचलित असलेल्या आग विम्याच्या पॉलिसीत वादळ-पूर यांचे संरक्षण अंतर्भूत असे. मात्र ते वगळून हप्ता कमी करून घेण्याचीही मुभा होती. वर्षाला काही हजार वाचतात म्हणून ज्यांनी ते वगळले होते, त्यांना कागद पुन्हा वाचण्याचे धैर्य होईना. दुसरे दुखणे अपुऱ्या विम्याचे. एक कोटीचा माल आणि विमा साठ लाखांचा, अशा स्थितीत पन्नास लाखांचे नुकसान झाले तर सरासरीच्या कलमानुसार हाती पडतात तीस लाख, पन्नास नव्हेत. बँकेला दिलेल्या मालाच्या तक्त्यात साठा भरगच्च आणि विम्याच्या प्रस्तावात बेताचा, ही सवय आपल्या व्यापारी घरांत जुनी आहे. सर्वेक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवतो, तेव्हा तिची किंमत कळते. या पेढीवर पुराचे संरक्षण होते, रक्कम मात्र अपुरी होती. नुकसानीचा निम्म्याहून थोडा अधिक भाग भरून निघाला.

ऑगस्टच्या अखेरीस पर्युषण आले. दुकानाच्या भिंती अजून ओल्या होत्या. संवत्सरीचे प्रतिक्रमण झाल्यावर थोरले बंधू घरातील सर्वांशी खमतखामणा करून पेढीवर आले. हमाल दारात चुना कालवीत होता. थोरल्यांनी हात जोडले आणि “मिच्छामि दुक्कडम्” म्हटले. त्याला या शब्दांचा अर्थ इतक्या वर्षांच्या नोकरीने माहीत होता. तो गडबडला. “शेठ, चुना वाळायच्या आत दुसरा हात मारायला पायजे,” एवढेच म्हणाला, आणि दोघे भिंतीकडे वळले.

जुन्या रेघेवर चुना बसला. तिच्या वर, माणसाच्या डोक्याहून उंच, धाकट्या बंधूंनी नवी रेघ ओढून शेजारी २०१९ असे लिहिले. थोरल्यांना ती नको होती. बरीच बोलाचाली झाली आणि ती राहिली.

२०२१ च्या जुलैत, चातुर्मास लागला त्याच सुमारास, पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेले. या वेळी आयर्विनवर ३८ असतानाच पेढीवरचा माल वरच्या मजल्यावर जाऊ लागला. नव्या रेघेकडे कोणी पाहिले नाही. संध्याकाळी शेजारच्या पेढीवरून कोणी हाक मारली :

“काय शेठ, आयर्विनला किती?”

“अडतीस.”

“मग एवढी घाई? रेघ तर केवढी वर आहे.”

थोरले बंधू जिन्यावर उभे होते. त्यांनी खाली पोती उचलणाऱ्या हमालाकडे बोट दाखविले. “त्याला विचारा,” ते म्हणाले. “त्याच्या दारात आले का, तेवढे विचारा.”